गाडी दर पावसाळ्यात त्याच जागी का थांबते? रूळ घासण्याआधी फिशप्लेट तपासा

घरात छोट्या रेल्वेचा लेआउट मांडलेल्या सांगली-मिरजेच्या मंडळींची जून-जुलैत एक ठरलेली तक्रार असते. एप्रिलपर्यंत गाडी सुरळीत धावत होती. दोन-चार मोठे पाऊस झाले आणि ती एका ठराविक जागी थबकायला लागली. बोटाने जरा ढकललं की पुढे जाते. रूळ घासले की आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा तिथेच. साताऱ्याकडे, घाटाच्या जवळ, हवेतली ओल जास्त दिवस टिकते, तिथे हे दुखणं गणपती उलटून गेले तरी चालू राहतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. थांबण्याची जागा ठरलेली असेल तर दोष सहसा रुळाच्या माथ्यावरच्या मळात नसतो. मळ सगळ्या रुळांवर सारखाच बसतो, त्यामुळे मळाने अडणारी गाडी आज इथे तर उद्या तिथे अडेल. रोज त्याच वळणावर, त्याच दोन स्लीपरांच्या (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांच्या) मध्ये अडणाऱ्या गाडीला तिथे वीज मिळत नाही, आणि बहुतेक वेळा ती दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटमध्ये हरवलेली असते. घासताना आपण रूळ दाबतो, हलवतो. तेवढ्याने फिशप्लेट आतल्या आत जरा सरकते, धातूला धातू नव्याने टेकतो आणि काम भागतं. घासण्याने फरक पडला असं वाटतं ते त्यामुळे.

वेगाने धावणाऱ्या गाडीत हा दोष झाकला जातो. एक्सप्रेस आपल्या जोरावर मेलेला तुकडा ओलांडून जाते. पण आपल्याकडे ज्यांना हा छंद लागतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात एकच देखावा असतो, जुनं मिरज जंक्शन. एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशी तिन्ही मापं या एका स्टेशनात होती. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली, आणि पुढे कित्येक वर्षं वारकऱ्यांना पंढरपूरला नेत राहिली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने उभी केलेली ही ७६२ मिमी मापाची लाइन. १:८७ म्हणजे एचओ मापात ७६२ मिमीचे ८.७६ मिमी होतात, म्हणून त्याहून लहान मॉडेल मापाचा, एन गेजचा ९ मिमी रूळ त्यासाठी अगदी चपखल बसतो. (ब्रॉडगेजचं नशीब एवढं चांगलं नाही. १६७६ मिमीला १९.३ मिमी रूळ हवा आणि बाजारात एचओचा मिळतो तो १६.५ मिमी, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमीचा. बहुतेकांनी हे मान्य करून पुढे जायचं ठरवलेलं आहे आणि ते योग्यच आहे.) नॅरोगेजची ती गाडी चालत्या माणसाच्या वेगाने मिरजेतून सुटताना दाखवायची, तर इंजिन लहान, चाकं मोजकी, वजन हलकं. अशा इंजिनाला क्षणभरही वीज तुटलेली चालत नाही. म्हणून हा देखावा करणाऱ्यांना फिशप्लेटचा त्रास सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त होतो.

थांबली की लगेच ढकलू नका

गाडी थांबली की हात आपोआप पुढे जातो. तो आवरा, कारण थांबलेलं इंजिनच तुम्हाला सगळ्यात जास्त माहिती देतं. आधी दिवा बघा. हेडलाइट चालू आहे आणि चाकं फिरत नाहीत, तर वीज पोचते आहे. मग अडचण यंत्रात आहे: गिअरमध्ये केस किंवा सुताचा धागा अडकला असेल, नाहीतर चाक रुळावरून उतरलं असेल. दिवा विझलेला असेल तर वीज पोचत नाही.

दिवा विझलेला असताना इंजिनाच्या टपावर एका बोटाने हलकेच खाली दाबा. दिवा लागला तर चाक आणि रूळ यांच्यामधला संपर्क कमी पडतोय. तिथे मळ असेल, किंवा रूळ एका बाजूने किंचित बसल्यामुळे एक चाक अधांतरी राहिलं असेल. इंजिन दाबून काही झालं नाही तर इंजिनाला हात न लावता जवळच्या जोडापाशी रूळ बाजूने दाबून बघा. दिवा लुकलुकला, तर ती फिशप्लेट गुन्हेगार आहे. एवढ्या तपासणीला कुठलंही उपकरण लागत नाही.

दुसरं इंजिनही त्याच जागी चालवून बघा. एकच इंजिन अडत असेल तर लेआउटला दोष देऊ नका, त्या इंजिनाकडे वळा. सगळीच अडत असतील तर रुळाकडे.

मल्टिमीटर खोटं का बोलतो

बरेच जण इथे मल्टिमीटर काढतात, अडणाऱ्या जागी दोन्ही रुळांवर टोकं टेकवतात, बारा व्होल्ट दिसतात आणि 'वीज तर आहे' म्हणून पुन्हा रूळ घासायला बसतात. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. गंजलेल्या, सैल जोडातूनही तेवढी वीज पार होते, त्यामुळे आकडा पूर्ण दिसतो. इंजिन मात्र चालताना पाव ते अर्धा अँपिअर ओढतं आणि तेवढ्यासाठी तो जोड अपुरा पडतो. मोजायचं असेल तर भार लावून मोजायला हवं.

त्यासाठी गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानातून १२ व्होल्ट ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब आणा. तो साधारण ०.४ अँपिअर ओढतो, म्हणजे जवळपास आपल्या इंजिनाएवढाच. २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब आणू नका, तो पावणेदोन अँपिअर ओढतो आणि रुळांना वीज देणाऱ्या लहान कंट्रोलरला झेपत नाही. बल्बला दोन वायरी जोडा. कंट्रोलर पूर्ण वाढवा आणि संशयित जोडाच्या पलीकडे, म्हणजे कंट्रोलरपासून लांबच्या बाजूला, त्या वायरी दोन्ही रुळांवर धरा. दोन हात पुरत नाहीत, घरातल्या कुणाला तरी बल्ब धरायला बसवावं लागतं. आता मल्टिमीटरची दोन्ही टोकं एकाच रुळावर ठेवा, एक जोडाच्या अलीकडे आणि एक पलीकडे. जोड निरोगी असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो, फार तर एक-दोन शतांश व्होल्ट. ०.३, ०.४ व्होल्ट दिसले की समजा तो एकटा जोड एक ओहमच्या आसपास अडथळा करतोय. असे तीन-चार जोड ओळीने आले, तर वळणाच्या टोकाला पोचेपर्यंत दीड व्होल्ट गेलेले असतात, आणि हळू चालवताना मुळात दिलेले असतात चार-पाचच. तिथेच गाडी मरते.

डीसीसीवर (रुळांतून इंजिनाला डिजिटल आज्ञा देण्याच्या पद्धतीवर) चालवणाऱ्यांनी मीटर एसीवर ठेवावा. मीटरचा आकडा तंतोतंत नसतो, पण चांगल्या आणि वाईट जोडातला फरक दिसायला पुरेसा असतो.

एकेक जोड असा तपासताना वाईट निघाला की त्याच्या बाजूच्या स्लीपरवर पेन्सिलीने खूण करा. ही खूण पुढच्या वर्षीही लागते, पुसू नका.

आता फिशप्लेट पावसाळ्यातच का दगा देते. तिच्यामधली वीज जाते ती फक्त रुळाच्या तळाला चिकटलेल्या धातूच्या दोन-तीन बिंदूंमधून. उन्हाळ्यात रूळ लांबतात, हिवाळ्यात आखडतात, आणि या सरकण्याने फिशप्लेटचं तोंड हळूहळू फाकतं. त्या फटीत दमट हवा गेली की धातूवर पातळ थर चढतो. निकेल सिल्व्हरचे रूळ (यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं) त्यातल्या त्यात टिकाव धरतात. जुन्या सेटमधले पितळी रूळ लवकर काळवंडतात आणि स्वस्त सेटमधले लोखंडी रूळ तर आपल्या पावसाळ्यात सरळ गंजतात. लोखंडी रुळांवर वेळ घालवू नका, बदला.

आणखी एक कारण आपल्या हातचं असतं. खडी चिकटवताना आपण फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून, भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून ड्रॉपरने सोडतो. साबणामुळे ते पाणी जिथे फट मिळेल तिथे शिरतं, फिशप्लेटच्या आतही. वाळल्यावर तिथे प्लॅस्टिकसारखा पापुद्रा बसतो. रुळांच्या कडांना गंजाचा रंग देतानाही हेच होतं. म्हणून खडी आणि रंग दोन्ही कामं वायरिंग पूर्ण झाल्यावर करायची.

फीडर: या दुखण्यावरचा खरा उपाय

फिशप्लेटचं काम दोन रूळ एका रेषेत धरणं एवढंच आहे असं मानून चाला. वीज तिच्या भरवशावर सोडायची नाही. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला, मग तो कितीही लहान असो, स्वतःची वायर खालून यायला हवी. यालाच फीडर म्हणतात. हे एकदा झालं की फिशप्लेट गंजली काय, सैल झाली काय, गाडीला फरक पडत नाही.

लेआउटच्या खाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोन जाड वायरी फिरवा, एक लाल आणि एक काळी. घरगुती वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची वायर उत्तम. तिचा अडथळा मीटरमागे फक्त एक शतांश ओहमच्या जरा वर असतो, त्यामुळे खोलीभर फिरवली तरी व्होल्टेज कुठे गळत नाही. तांब्याच्या तुलनेत निकेल सिल्व्हर विजेला कितीतरी पट जास्त अडवतं. मग रुळांमधून लांबवर वीज नेण्याचा आटापिटा कशाला? या मुख्य वायरींना बस म्हणतात. बसपासून प्रत्येक रुळापर्यंत हातभर लांबीची, अर्ध्या स्क्वेअर एमएमची बारीक वायर पुरते. मागचा रूळ नेहमी लाल आणि पुढचा नेहमी काळा हे एकदा ठरवा आणि मोडू नका. वर्तुळाकार लाइनवर 'मागचा-पुढचा' गोंधळ होतो, तिथे 'बाहेरचा-आतला' असं धरा.

सोल्डरिंगची धास्ती अनेकांना असते आणि ती पूर्णपणे निराधार नाही, कारण स्लीपर प्लॅस्टिकचे असतात. पण पद्धत नीट असेल तर एकही स्लीपर वितळत नाही. रुळाच्या बाहेरच्या अंगाला बारीक कानशीने चकाकी येईपर्यंत घासा. जागेच्या दोन्ही बाजूंना ओल्या टिश्यू पेपरच्या घड्या ठेवा, उष्णता त्या पितात. चाळीस ते साठ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) घ्या. इथे लोक उलटा विचार करतात आणि नाजूक काम म्हणून पंधरा वॅटची घेतात. कमी वॅटच्या इस्त्रीला रूळ तापवायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात उष्णता स्लीपरपर्यंत पोचते. गरम टोक, दोन-तीन सेकंद, बाजूला. वायरीच्या टोकाला आणि रुळाला आधी वेगवेगळं सोल्डर चढवून घेतलं तर दोन्ही एकत्र टेकवताच जुळतात.

फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा लेप) रोझिनचाच हवा, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तो. नळकाम किंवा पत्राकामासाठी मिळणारा अॅसिड फ्लक्स घेऊ नका. तो सोल्डर पटकन पसरवतो म्हणून मोह होतो, पण उरलेलं अॅसिड दमट हवेत धातू खात राहतं, आणि पुढच्या जुलैत तुम्ही पुन्हा तिथेच वाकून बसलेले असता.

फीडर लावले की काही जण उत्साहाने सगळ्या फिशप्लेटही सोल्डर करून टाकतात. तेवढं करू नका. बाजारातला फ्लेक्स, म्हणजे हवा तसा वाकवता येणारा, रूळ साधारण ९१४ मिमी लांब असतो. निकेल सिल्व्हरचा असा एक रूळ पंचवीस अंशांच्या फरकाने ०.४ मिमीच्या आसपास लांबतो. सांगलीतली जानेवारीची पहाट आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीतली दुपार यांच्यात तेवढा फरक सहज असतो. चार मीटरची सरळ लाइन सलग सोल्डर केली तर पावणेदोन मिमी जास्तीच्या लांबीला जायला जागा राहत नाही. मग रूळ बाजूला फुगतो, आणि आता गाडी थांबत नाही तर घसरते. थंडीत रूळ टाकत असाल तर जोडात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवा. मे महिन्यात टाकत असाल तर टोकं टेकली तरी चालतील. सोल्डर फक्त वळणावरच्या जोडांना करा, तिथे फ्लेक्स रुळाची टोकं बाहेर पडायला बघतात.

लाकूड आणि ओल

रुळांवर जेवढी मेहनत घेतो त्याच्या निम्मीही आपण खालच्या फळीवर घेत नाही. मला हे खटकतं, कारण आपल्या भागात ओल आणि कोरडेपणा यांचं वर्षाचं चक्र तीव्र असतं. मिरजेतले सतार-तंबोरे करणारे कारागीर भोपळा आणि लाकूड महिनोन्‌महिने वाळवल्याशिवाय कामाला घेत नाहीत. त्यांच्याकडून घेण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे घाई न करणं. दुकानातून आणलेली प्लाय त्याच दिवशी कापू नका. ज्या खोलीत लेआउट राहणार आहे तिथे काही आठवडे आडवी, खाली ठोकळे देऊन ठेवा.

प्लाय आपल्याच पसरटपणात फारशी वाढत नाही, पण तिच्या एका बाजूला रंग आणि दुसरी बाजू कोरी असेल तर कोरी बाजू ओल पिते आणि फळी वाकते. आपण नेमकं हेच करतो: वरून गवत, माती, रंग आणि खालून काहीच नाही. दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात द्या. कडा सगळ्यात जास्त पाणी ओढतात. १२ मिमीची बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यालाही टिकणारी) प्लाय घेतली तर ओलीची काळजी आणखी कमी होते. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) गुळगुळीत आणि स्वस्त असतो, पण पाणी लागलं की जाडीत फुगतो आणि परत बसत नाही.

पाणी म्हटलं की सांगलीकराला फक्त दमटपणा आठवत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या घरांत लेआउट तळमजल्यावर असेल तर तो सुटा व्हायलाच हवा. १२० गुणिले ६० सेंटिमीटरचे भाग करा, मध्ये बोल्ट आणि विंगनट, वायरींना प्लग. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी वाढल्याच्या बातम्या यायला लागल्या की दोन माणसांनी एकेक भाग वर नेता आला पाहिजे. अशा सुट्या लेआउटवर ठरलेल्या जागी थांबणं आणि घसरणं हे दोन्ही बहुतेक वेळा भागांच्या सीमेवरच होतं. तिथे फिशप्लेट सरकवायची पद्धत सोडा. कडेच्या अगदी जवळ प्रत्येक रुळाखाली पितळी स्क्रू बसवा, त्याची उंची पेचकसने जुळवा आणि रूळ त्या स्क्रूलाच सोल्डर करा. मग सीमेवर रूळ कापा. दोन्ही बाजूंची टोकं कायम एका रेषेत राहतात आणि उचलताना धक्का लागला तरी उखडत नाहीत.

पॉइंटवर थांबत असेल तर

पॉइंटवरचं, म्हणजे लाइनला फाटा फुटतो तिथलं, थांबणं वेगळं. तिथे आधी बघा की क्रॉसिंगचा तुकडा (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो), ज्याला मॉडेलवाले फ्रॉग म्हणतात, प्लॅस्टिकचा आहे की धातूचा. प्लॅस्टिकचा असेल तर तेवढ्या लांबीत चाकाला वीजच नाही. लांब डिझेल इंजिनाची बाकीची चाकं सांभाळून घेतात, पण शंटिंगचं छोटं चारचाकी इंजिन तिथे उभं राहणारच. त्यावर घासणं, साफ करणं, काहीही चालत नाही. नॅरोगेज करणाऱ्याने सुरुवातीपासून धातूच्या फ्रॉगचे पॉइंट घ्यावेत आणि पॉइंट ज्या बाजूला वळेल त्याप्रमाणे फ्रॉगची वीज बदलणारा छोटा स्विच पॉइंट सरकवणाऱ्या दांड्याला जोडावा.

फ्रॉग धातूचा असूनही थांबत असेल, तर तो पॉइंट वीज घेतो ती सरकती पात स्टॉक रेलला (बाजूच्या स्थिर रुळाला) टेकते तिथून. त्या टेकण्यावर मळ, रंग किंवा फेव्हिकॉलचा थेंब आला की संपलं. पातळ कागदाची पट्टी आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) बुडवून मध्ये धरा, पॉइंट बंद करा आणि पट्टी ओढून काढा. काळी निघेल. हा तात्पुरता इलाज आहे, कायमचा वरच्याच परिच्छेदात सांगितला: स्विच लावा, टेकण्यावर विसंबू नका.

नदीच्या वाळूची खडी

खडीसाठी कृष्णेची वाळू चाळून वापरणारे बरेच आहेत, आणि रंग खरोखर छान मिळतो. दख्खनच्या काळ्या दगडाची ती झीज, आपल्याच प्रदेशाचा रंग. पण या वाळूत लोहचुंबकाला चिकटणारे काळे कण असतात. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक आहे, गाडी जाता-येता ते कण वर ओढते आणि गिअरमध्ये भरते. वाळू धुऊन वाळवल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं जोरकस चुंबक तिच्यातून फिरवा. पिशवीला काळी मिशी फुटायची थांबेपर्यंत फिरवत राहा. एखादं इंजिन महिन्याभरात आवाज करायला आणि थांबायला लागलं असेल तर ते उघडून बघा, कारण कदाचित वाळूच असेल.

थांबत नाही, घसरते

घसरण्याचा विषय मोठा आहे, इथे फक्त ठरलेल्या जागेपुरतं. माझ्या ओळखीचे मिरजेचे एक काका रेल्वेच्या गँगमधून मुकादम म्हणून निवृत्त झाले. ते लेआउट बघायला आले की आधी गाल फळीला टेकवतात आणि एक डोळा मिटून रुळाच्या माथ्यावरून लांबवर बघतात. खरी लाइनही ते अशीच बघायचे. वरून सरळ वाटणाऱ्या रुळातली उंची-खोली या कोनातून लख्ख दिसते. बसलेली जागा सापडली की स्लीपरखाली पातळ कार्ड सरकवून उचला. वाकडेपणा सापडला तर जोड सोडून दोन स्लीपरांनंतर वळण सुरू करा.

रूळ ठीक असतील तर डबा तपासा. एचओ चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ ते १४.५ मिमीच्या आसपास हवं. व्हर्निअरने मोजा, कमी असेल तर चाक पिळून बाहेर ओढा. आणि वजन. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस एचओ डब्याला २८ ग्रॅम, शिवाय लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम अशी आहे. आपला आयसीएफ डबा २१.३ मीटरचा, एचओत सुमारे २४५ मिमी, म्हणजे त्याला १६५ ग्रॅमच्या जवळपास वजन लागतं. घरी केलेले कार्डबोर्डचे डबे याच्या निम्मेही भरत नाहीत. फरशीखाली, मधोमध, नट-वॉशर चिकटवा. एवढा लांब डबा १८ इंच त्रिज्येच्या वळणावर नीट जाणार नाही हेही खरं, तिथे वजनाने काही होत नाही, वळणच मोठं करावं लागतं.

रूळ साफ करायचेच असतील तेव्हा

एवढं सगळं झाल्यावर मळाचा मुद्दा उरतो आणि तो अगदीच बिनमहत्त्वाचा नाही. ऊस गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या आसपासच्या गावांत गच्चीवर काजळी पडते, तीच खिडकीतून रुळांवरही येते. वरून इंजिनाचं जास्तीचं तेल आणि चाकाखाली उडणाऱ्या बारीक ठिणग्यांनी तयार होणारा काळा थर. सॅंडपेपर लावू नका. त्याने पडलेल्या बारीक ओरखड्यांत पुढचा मळ जास्त घट्ट बसतो. लोकरीच्या किंवा सुती कापडाला आयपीए लावून पुसा, खिडकी उघडी ठेवून आणि कंट्रोलर बंद करून, कारण आयपीएच्या वाफा पेटतात. कापड काळं यायचं थांबलं की थांबा.

रूळ पुसून चाकं तशीच ठेवणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसावं लागतं. डब्यांची प्लॅस्टिकची चाकं मळ गोळा करतात आणि सगळ्या लाइनभर वाटत फिरतात. शक्य असेल तसे, दरवेळी एखाद-दुसऱ्या डब्याची चाकं धातूची करत जा. इंजिनाची चाकं पुसायला रुळावर टिश्यू पेपर आडवा घाला, इंजिनाची अर्धी चाकं त्यावर आणि अर्धी उघड्या रुळावर ठेवून हाताने धरा आणि कंट्रोलर थोडा वाढवा. चाकं जागच्या जागी फिरतात आणि कागदावर दोन काळे पट्टे उमटतात. मग इंजिन उलटं फिरवून दुसरी बाजू.

सगळे जोड मोजले, फीडर लावले, चाकं पुसली आणि तरीही एकच इंजिन अडतंय, तर ते उताणं करून फोमवर ठेवा आणि कंट्रोलरच्या दोन वायरी थेट चाकांना लावा. एकेका जोडीला लावत पुढे जा. ज्या जोडीला लावल्यावर मोटर फिरत नाही किंवा अडखळते, तिच्या मागच्या बाजूला टेकणारी तांब्याची पातळ पट्टी वाकून चाकापासून सुटलेली असेल किंवा तेलकट धुळीने माखलेली असेल. आयपीएच्या कापसाने पुसा आणि चिमट्याने केसभर आत वाकवा, इतकीच की ती चाकाला टेकेल पण त्याला ब्रेक लावणार नाही.

फीडर लावण्याची कामं मात्र हवा कोरडी असतानाच उरकून घ्या. ज्या जोडांवर पेन्सिलीची खूण आहे त्यांच्यापासून सुरुवात करा. बाकीचे जोड एका पावसाळ्यापुरते थांबू शकतात.